वाढत्या अंगाचा सदरा
रुग्णालयातील सर्व्हरचे स्थलांतर आणि थिन डिस्कचे दुखणे

आमच्या लहानपणी दिवाळीसाठी शिवायला टाकलेला सदरा नेहमी दोन बोटे सैल आणि वीतभर लांब असे. ‘वाढते अंग आहे, पुढच्या वर्षीही चालेल’ हे आईचे वाक्य शिंप्याला पाठ झालेले असे. बालरोगतज्ज्ञ म्हणून गेली अनेक वर्षे वाढत्या अंगांशीच माझा संबंध आला. परंतु वाढत्या अंगाचा हा हिशेब रुग्णालयातील संगणकाच्या डिस्कलाही लागू पडतो आणि तो चुकला तर मध्यरात्री अतिदक्षता कक्षात त्याची किंमत मोजावी लागते, हे मला फार उशिरा समजले. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहावे असे प्रथम मनात आले. पण आज आपल्यापैकी बहुतेकांच्या रुग्णालयात, सोनोग्राफी केंद्रात वा प्रयोगशाळेत एखादा तरी सर्व्हर आहे आणि त्याचे स्थलांतर कधी ना कधी होणारच आहे. म्हणून हा अनुभव व्यवसायबंधूंपुढे ठेवणे अधिक उपयोगी पडेल असे वाटले.

आभासी यंत्र म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र संगणक असे. केसपेपरचा एक, एक्स-रेच्या प्रतिमांचा दुसरा, हिशेबाचा तिसरा. आता एकाच सशक्त सर्व्हरवर अनेक ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे आभासी यंत्रे, चालविता येतात. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहावीत तसे हे असते. प्रत्येक बिऱ्हाडाला आपले स्वतंत्र घर आहे असे वाटते. प्रत्यक्षात विहीर, अंगण आणि माळवद सामाईक असते. हा वाडा सांभाळणाऱ्या प्रणाली अनेक आहेत. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीची ईएसएक्सआय ही प्रणाली दीर्घकाळ सर्वांत प्रचलित होती. मायक्रोसॉफ्टची हायपर-व्ही विंडोज सर्व्हर २००८ बरोबर आली. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या केव्हीएम या तंत्रावर उभी असलेली प्रॉक्समॉक्स ही मुक्त प्रणाली २००८ पासून उपलब्ध आहे.

आभासी यंत्राची हार्डडिस्क ही वस्तुतः सर्व्हरवरील एक मोठी फाईल असते. ही फाईल दोन प्रकारे बनविता येते. पहिल्या प्रकारात यंत्राला ५०० जीबी देऊ केले की तेवढी जागा त्याच क्षणी अडवून ठेवली जाते. ही थिक डिस्क, म्हणजे आमचा वाढत्या अंगाचा सदरा. दुसऱ्या प्रकारात ५०० जीबीचे केवळ वचन दिले जाते. जागा मात्र यंत्र जसजसे लिहीत जाईल तसतशीच खर्ची पडते. ही थिन डिस्क. अंग वाढेल तसे कापड जोडून देणाऱ्या शिंप्याची ही युक्ती होय.

ही युक्ती नवी नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०८ साली आपल्या बडोद्यात स्थापन केलेली बँक घ्या किंवा दुसरी कोणतीही बँक घ्या. सर्व ठेवीदारांचा सर्व पैसा तिजोरीत रोख ठेवून कोणतीच बँक चालत नाही. सगळे एकाच दिवशी पैसे मागायला येणार नाहीत या विश्वासावर ती चालते. थिन डिस्कचाही विश्वास हाच. म्हणूनच तिच्यात काटकसर आहे आणि धोकाही आहे.

वचन, व्याप आणि वापर

या विषयात तीन आकडे वेगळे ओळखता आले की निम्मे निदान झाले. मी त्यांना वचन, व्याप आणि वापर अशी नावे दिली आहेत. ‘वचन’ म्हणजे यंत्राला कबूल केलेली जागा. ‘व्याप’ म्हणजे त्याच्या डिस्कने सर्व्हरवर प्रत्यक्ष अडवलेली जागा. ‘वापर’ म्हणजे यंत्राच्या आत, विंडोज वा लिनक्सच्या दृष्टीने, भरलेली जागा.

हे तिन्ही आकडे भिन्न असू शकतात आणि प्रत्येक आपापल्या परीने खरा असतो. ईएसएक्सआयवर फाईलींची यादी मागितली तर थिन डिस्कही पूर्ण वचनाएवढी मोठी दिसते. ‘डीयू’ या आज्ञेने व्याप मोजला तर खरा आकडा कळतो. उलट व्याप वापरापेक्षा मोठा असण्याचे कारण वेगळे आहे. आपण फाईल पुसतो तेव्हा संगणक तिची केवळ सूचीतील नोंद काढतो. कार्ड काढून टाकले तरी केसपेपर कपाटातच पडून राहावा, तसा जुना मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि बाहेरच्या सर्व्हरला ती जागा भरलेलीच वाटते.

स्थलांतराचा प्रसंग का येतो?

सर्व्हर जुना होतो, हे एक कारण. प्रणालीची अधिकृत देखभाल संपते, हे दुसरे. व्हीएमवेअरच्या व्हीस्फीअर ७ या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिसरे कारण आर्थिक. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअरची खरेदी पूर्ण केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत स्वीकारली. तेव्हापासून लहान-मोठ्या अनेक संस्थांनी अन्य प्रणालींचा विचार सुरू केला. प्रॉक्समॉक्सने २०२४ साली ईएसएक्सआयवरील यंत्रे थेट आपल्याकडे आणण्याची सोय आपल्या प्रणालीतच करून दिली, त्यामुळे ही वाट पुष्कळ सोपी झाली. सोपी झाली, पण निर्धोक झाली नाही.

त्या रात्री काय घडले

आमच्याकडे तीन आभासी यंत्रे होती. रुग्णनोंदींच्या यंत्राला ५०० जीबीचे वचन होते, व्याप १९० जीबी. एक्स-रे व सोनोग्राफीच्या प्रतिमांच्या यंत्राला वचन १००० जीबी, व्याप ५९०. जुन्या हिशेबाच्या यंत्राला वचन ३००, व्याप ८०. म्हणजे एकूण वचन १८०० आणि एकूण व्याप ८६० जीबी. नव्या सर्व्हरवर १४०० जीबी जागा होती. ‘८६० सहज मावतील’ हा हिशेब मीच मांडला होता आणि कागदावर तो बिनचूक होता.

शनिवारी रुग्णनोंदींचे यंत्र योग्य रीतीने रूपांतरित करून नव्या सर्व्हरवर सुरू झाले. ते थिनच राहिले. बाह्यरुग्ण विभाग आटोपल्यावर रात्री आठ वाजता आमच्या तंत्रज्ञाने उरलेल्या दोन यंत्रांच्या डिस्क-फाईली जुन्या सर्व्हरवरून नव्यावर सरळ नक्कल करण्यास लावल्या आणि तो घरी गेला. नक्कल करणाऱ्या साध्या आज्ञेला थिन डिस्कमधील पोकळी कळत नाही. रिकाम्या जागी तिला शून्ये दिसतात आणि ती शून्ये ती इमानेइतबारे लिहीत सुटते. प्रतिमांची ५९० जीबीची डिस्क नव्या घरी पूर्ण १००० जीबी होऊन उतरली. १९० आणि १००० मिळून ११९०. उरले २१०. त्यात हिशेबाची ८० जीबीची डिस्क ३०० होऊन येऊ लागली. रात्री दोनच्या सुमारास सर्व्हर काठोकाठ भरला.

यातील विपरीत गोष्ट अशी की, ज्या दोन यंत्रांनी जागा बळकावली ती अजून सुरूच झालेली नव्हती, त्यामुळे त्यांना काहीच झाले नाही. शहाण्यासारखे थिन राहिलेले रुग्णनोंदींचे यंत्र मात्र पुढची नोंद लिहिण्यासाठी चार-दोन जीबी मागू लागले, ती मिळेनात आणि ते जागच्या जागी स्तब्ध झाले.

त्याच वेळी नवजात कक्षात तिसऱ्या दिवसाचे एक बाळ कावीळ वाढल्यामुळे फोटोथेरपीखाली होते. आपण सर्व जाणतो की बिलीरुबिनचा एक आकडा पुरेसा नसतो. तो किती तासांत किती वाढला यावर रक्तबदलाचा निर्णय अवलंबून असतो. नवा अहवाल हातात होता, मागचे दोन संगणकात अडकलेले. प्रयोगशाळेत फोन करावा तर तेथील पडदाही गोठलेला. तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, “सर, मागचे दोन्ही आकडे वेळेसकट माझ्या वहीत आहेत.” त्यांची ती दोन रुपयांच्या पेनाने आखलेली वही उघडली, वाढीचा वेग मांडला, आणि रक्तबदल न करता फोटोथेरपी वाढवून चालेल असे ठरवता आले. बाळ पुढे उत्तम झाले. पण त्या दहा मिनिटांत मला जे वाटले ते मी विसरू शकत नाही. तंत्रज्ञाला दोष देण्यात अर्थ नव्हता. ‘नक्कल झाल्यावर किती जागा लागेल?’ हा प्रश्न मी विचारला नव्हता.

तंत्रज्ञ अडीच वाजता आला. त्याने अर्धवट उतरलेली हिशेबाची फाईल पुसली, २१० जीबी मोकळे झाले आणि स्तब्ध यंत्र पुन्हा चालू केल्यावर ते जिथे थांबले होते तिथून पुढे चालू लागले. आम्ही सुदैवी ठरलो. जागा संपल्यावर यंत्र नेहमी असे शांतपणे थांबतेच असे नाही. कधी आतील फाईल-व्यवस्थेला इजा होते आणि माहितीसाठा बिघडतो.

निदान कसे करावे

स्थलांतरानंतर जागेची तक्रार आली की प्रथम ते तीन आकडे मांडावेत.

व्याप वचनाएवढा झाला असेल, तर वाटेत थिनपणा हरवला आहे. त्याची कारणे बहुधा पुढीलपैकी असतात. फाईल साध्या नकलेने आणली गेली. अथवा ती मधल्या एखाद्या पोर्टेबल डिस्कवर ठेवली गेली. अशा डिस्कवर सर्रास असणाऱ्या एक्सफॅट रचनेला पोकळीच्या फाईली ठेवताच येत नाहीत. अथवा नव्या सर्व्हरवर साठवणुकीचा प्रकारच थिक निवडला गेला. प्रॉक्समॉक्सवर ‘एलव्हीएम’ आणि ‘एलव्हीएम-थिन’ ही नावे शेजारी-शेजारी असतात; पहिल्यात प्रत्येक डिस्क पूर्ण वचनाएवढी जागा घेते, दुसऱ्यात लागेल तेवढी.

व्याप वचनापेक्षा कमी पण वापरापेक्षा बराच जास्त असेल, तर पुसलेल्या फाईलींची जागा परत मिळालेली नाही. यंत्राच्या आतून ‘ही जागा आता नको’ असा निरोप बाहेर पोहोचावा लागतो. त्यास ट्रिम वा डिस्कार्ड म्हणतात. हा निरोप आतली प्रणाली, आभासी डिस्कची जोडणी आणि बाहेरची साठवण या तिन्ही ठिकाणी चालू असावा लागतो. एक दुवा तुटला तरी निरोप पोहोचत नाही.

आणि तिन्ही आकडे ठीक असून एकूण वचन एकूण जागेपेक्षा जास्त असेल, तर तो आजार नव्हे. पण ती जोखीम आहे आणि तिच्यावर लक्ष हवे.

आणखी दोन लक्षणे सांगतो. यंत्र उत्तम सुरू झाले, पण नोंदी तीन महिन्यांपूर्वीच्याच दिसतात, असे झाले तर स्नॅपशॉटचा संशय घ्यावा. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाईल गोठते आणि पुढचे सर्व लेखन वेगळ्या फाईलीत जाते. केवळ मूळ फाईल नेली तर जुनेच यंत्र येते, तेही काही तक्रार न करता. ही चूक सर्वांत घातक, कारण तीत दुखत काहीच नाही. दुसरे लक्षण म्हणजे विंडोजचे यंत्र सुरू होताना निळा पडदा येऊन डिस्क सापडत नाही असा संदेश येणे. तेथे जागेचा प्रश्न नसतो. नव्या प्रणालीच्या व्हर्टआयओ जोडणीचा ड्रायव्हर आत बसलेला नसतो.

उपचार

आम्ही दुसऱ्या दिवशी फुगलेली प्रतिमांची डिस्क काढून टाकली. जुना सर्व्हर तसाच ठेवला होता म्हणून हे शक्य झाले. मग मूळ डिस्क ‘क्यूईएमयू-आयएमजी’ या साधनाने नव्या स्वरूपात रूपांतरित केली. हे साधन शून्यांचे सलग पट्टे ओळखते आणि ते न लिहिता पोकळी म्हणून सोडते. डिस्क ५९० जीबीच राहिली. क्यूकाऊ२ हे फाईल-स्वरूप निवडल्यास थिनपणा फाईलीच्या रचनेतच असतो. यंत्र बंद करून निर्यात करण्याचा ओव्हीए हा मार्गही आहे. त्यात डिस्क संकुचित होऊन बाहेर पडते आणि रिकामी जागा वाहून न्यावी लागत नाही.

पुसलेल्या फाईलींची जागा परत मिळविण्यासाठी आभासी डिस्क व्हर्टआयओ-स्कझी जोडणीवर घेऊन तिचा डिस्कार्ड पर्याय चालू करावा. मग लिनक्समध्ये ‘एफएसट्रिम’ ही आज्ञा चालवावी, विंडोजमध्ये ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करण्याची सोय वापरावी. आमच्या रुग्णनोंदींच्या यंत्रावर हे केले.

येथे एका उपचाराविषयी इशारा देणे अवश्य आहे. ट्रिमची सोय नसलेल्या जुन्या यंत्रात मोकळी जागा शून्यांनी भरून मग डिस्क रूपांतरित करण्याचा उपाय सांगितला जातो. तो खरा आहे. परंतु शून्ये लिहिणे हेही लेखनच असल्यामुळे थिन डिस्क त्या प्रक्रियेत प्रथम पूर्ण वचनाएवढी फुगू शकते. सर्व्हरवर तेवढी जागा नसेल तर औषधानेच रोगी दगावतो. आधी जागा मोजावी, मग शून्ये लिहावीत.

विंडोजच्या निळ्या पडद्यावर सोपा इलाज आहे. प्रथम डिस्क साटा जोडणीवर लावून यंत्र सुरू करावे. मग व्हर्टआयओ जोडणीवर एक लहानशी जादा डिस्क लावावी आणि ड्रायव्हर बसवावा. त्यानंतर यंत्र बंद करून मूळ डिस्कची जोडणी बदलावी. जुने यंत्र बायोसवर चालत होते की यूईएफआयवर, हेही तपासून नव्या ठिकाणी तेच ठेवावे.

पथ्य

बालरोगाच्या व्यवसायात वजनाचा तक्ता हे आमचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू साधन आहे. एका वजनाने काही कळत नाही. दर महिन्याचे टिंब जोडले की मूल कुठे चालले आहे ते दिसते. तसाच तक्ता आता मी सर्व्हरसाठी ठेवतो. स्थलांतरानंतरचा व्याप ८६० जीबी होता, वाढ दरमहा सुमारे १५ जीबी. एकूण १४०० जीबीच्या ८० टक्के म्हणजे ११२०. तिथपर्यंत २६० जीबी, अर्थात साधारण सतरा महिने. सतरा महिन्यांच्या आत नव्या डिस्कची तरतूद करायची, हे आजच ठरलेले आहे. शिवाय ७० आणि ८५ टक्क्यांना मोबाईलवर सूचना येईल अशी व्यवस्था केली आहे.

यापुढे स्थलांतर करताना आम्ही पाळू ते नियम थोडक्यात असे :

१. स्थलांतरापूर्वी वेगळ्या उपकरणावर संपूर्ण बॅकअप घ्यावा आणि त्यातून एक तरी यंत्र पुन्हा उभे करून पाहावे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे.

२. सर्व स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये विलीन करावेत.

३. वचन, व्याप आणि वापर हे तिन्ही आकडे प्रत्येक यंत्रासाठी लिहून काढावेत. शक्य तर नव्या सर्व्हरवर एकूण वचनाएवढी जागा घ्यावी. ते परवडत नसेल तर निदान सर्वांत मोठी डिस्क पूर्ण फुगली तरी मावेल, एवढी.

४. एका वेळी एकच यंत्र न्यावे, त्याचा व्याप मोजावा, मगच दुसऱ्याला हात लावावा. चालू यंत्र ज्या साठवणीवर आहे तिच्यावर रात्रभर देखरेखीविना नक्कल लावून जाऊ नये.

५. नव्या यंत्रात सर्वांत अलीकडील नोंदीची तारीख डॉक्टरांनी स्वतः पाहावी. हे काम तंत्रज्ञावर सोपवू नये. कोणती नोंद असायला हवी हे त्याला ठाऊक नसते.

६. जुना सर्व्हर निदान महिनाभर न पुसता बाजूला ठेवावा. पुढे पुसताना मात्र रुग्णांची माहिती कायमची नष्ट होईल असा पुसावा.

७. स्थलांतराच्या रात्री दाखल असलेल्या प्रत्येक रुग्णाचा गोषवारा कागदावर छापून कक्षात ठेवावा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत देणे हे आपल्यावर बंधनकारक आहे. या नोंदी आज कपाटात नसून डिस्कवर आहेत. कपाटाची किल्ली आपण कोणाच्याही हाती देत नव्हतो. डिस्कचे मात्र ‘ते तंत्रज्ञ पाहतो’ असे म्हणून मोकळे होतो. प्रत्येक आज्ञा आपल्याला यावी अशी अपेक्षा नाही. भूलतज्ज्ञाचे काम आपण करत नाही, पण शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण उपाशी आहे ना, एवढे विचारतोच. तसे तीन आकडे विचारणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

त्या रात्रीनंतर आमच्या नवजात कक्षात एक बदल झाला. संगणकात नोंद होते म्हणून सिस्टरांची वही बंद करावी, असा विचार मी काही महिन्यांपूर्वी बोलून दाखवला होता. आता नव्या वह्यांचा गठ्ठा दर तिमाहीला मी स्वतः आणून देतो.